बहात्तर तास आधी कळवावे

पाहुणे आले की घरातली बाई स्वयंपाकघरात अडकते, ही बाब आमच्या कुटुंबाच्या निदर्शनास यायला लग्नानंतर एकोणीस वर्षं लागली. त्याला निमित्त झाली माझी मेहुणी. ती बायकोहून सहा वर्षांनी लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती नर्स आहे, आणि कुठेही जायचं मनात आलं की बॅगेची चेन लावता लावताच घराबाहेर पडते.

दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे जेवायला आली होती. बायकोने तीन तास सूप ढवळलं, कटलेट तळली आणि पुडिंग घट्ट व्हायची वाट पाहिली. ते तीन तास धाकटी बैठकीच्या खोलीत माझ्यासमोर बसून होती. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. आलेला कागद नोंदवायचा आणि योग्य टेबलाकडे पाठवायचा, हे माझं काम. जेवून धाकटी गेल्यावर बायकोने भांडी पुसता पुसता विचारलं, "काय म्हणत होती?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो.

धाकटीने नवऱ्याचं घर सोडलंय हे बायकोला चार महिन्यांनी कुणा तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिने ताबडतोब फोन लावला. पलीकडून धाकटी म्हणाली, "अगं ताई, त्या दिवशी भाऊजींना सगळं सांगितलं की मी. तासभर रडत होते." हे खरं होतं. तिने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, रुमालसुद्धा दिला होता. फक्त ती बाब पुढे पाठवायची माझ्याकडून राहून गेली.

बायको माझ्याशी भांडली नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो. ती खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी ती येईल तेव्हा मी तिच्यासमोर बसणार. सगळं जेवण आधीच झालेलं असेल."

या निर्णयात वावगं काहीच नव्हतं. वाईट इतकंच की त्याची अंमलबजावणी आम्हा दोघांच्या हाती आली. बायको एका रुग्णालयाच्या औषध भांडाराची प्रमुख आहे. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी बाहेर पडतं, हा तिथला पहिला नियम. बावीस वर्षांत तिच्या भांडारातली एक गोळी मुदतीबाहेर गेलेली नाही, आणि या गोष्टीचा तिला जेवढा अभिमान आहे तेवढा आमच्या लग्नाचा नाही.

सुरुवात साधी होती. रविवारी पाहुणे, तर शनिवारी स्वयंपाक. तो जमल्यावर बायकोने रास्त प्रश्न विचारला, की आदल्या दिवशी करता येतं ते आदल्या आठवड्यात का करू नये? आठवड्याचं जमल्यावर महिन्याला नाही म्हणायला काही आधार उरला नाही. मग कपाटाएवढा फ्रीझर आला. तो स्वयंपाकघरात मावेना, म्हणून बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी ठेवला. पाहुण्यांच्या सोयीसाठी पाहुण्यांची बसायची जागा काढून टाकावी लागली, पण सुधारणा म्हटली की थोडी गैरसोय व्हायचीच.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद माझ्याकडच्या वहीत. अनुक्रमांक, पदार्थ, किती जणांसाठी, तयार केल्याचा दिनांक, मुदत, पाहुण्याचं नाव आणि शेरा, असे सात रकाने मी स्वतः आखले होते. गोठलेला डबा वितळायला चोवीस तास लागतात. त्यात बायकोने चाचणी म्हणून एक वाटी गरम करून बघायचे चोवीस तास मिळवले आणि खबरदारीचे आणखी चोवीस. अशा रीतीने, आमच्याकडे येऊ इच्छिणाऱ्याने बहात्तर तास आधी कळवावे, असा नियम झाला. तो सर्व नातेवाइकांना फोनवर पाठवला. तिघांनी अंगठा दाखवला. कुठल्या अर्थाने ते कळलं नाही.

बायको दर शनिवारी रांधत होती आणि पाहुणे काही दर शनिवारी येत नव्हते. साठा वाढला, मुदती जवळ आल्या, आणि वहीतला पाहुण्याच्या नावाचा रकाना कोरा राहू लागला. मग माणूस बघून पदार्थ ठरवायचा सोडून आम्ही पदार्थ बघून माणसं शोधू लागलो. फ्लॉवरचं सूप, आठ जणांसाठी, मुदत नऊ तारीख. आमच्या ओळखीचे जेमतेम सहा जमले. उरलेले दोघे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यात वाट पाहत बसलेल्यांतून पुरवले. त्या दोघांना काही चावता येत नव्हतं, त्यामुळे निवड अचूक ठरली.

घरच्या माणसांनी साठ्याला हात लावायचा नाही, हे ओघानेच आलं. आम्ही दोघं पाहुणे या व्याख्येत बसत नव्हतो. रात्रंदिवस घरघरणाऱ्या त्या भरल्या फ्रीझरशेजारी आम्ही रोज पाव आणि जॅम खात होतो.

त्याच सुमारास माझी आत्या आली. रीतसर कळवून आली. बायको ठरल्याप्रमाणे तिच्यासमोर बसली, हातात अन्नाचं तापमान मोजायची काडी घेऊन, आणि दर सहा मिनिटांनी उठून ओव्हनपर्यंत जाऊन येऊ लागली.

"अगं, बस की जरा," आत्या म्हणाली.

"बसलेच आहे हो," असं बायको ओव्हनजवळून म्हणाली.

आत्याला कटलेट आवडली. तिने तिसरं मागितलं. मी वही उघडली. "आत्या, तुझ्या नावावर दोनच आहेत."

"मग ते तिसरं कुणाच्या नावावर आहे?"

"सोळा तारखेच्या पाहुण्यांच्या."

"कोण येणार आहेत सोळाला?"

"ते अजून ठरायचंय."

आत्याने रिकामं ताट उचलून धरलं. "म्हणजे जो माणूस अजून ठरलासुद्धा नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलंय. आणि मी इथे ताट धरून बसलेय."

"अगदी बरोबर," मी म्हणालो, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, पाहुणीस पद्धत समजली.

दोन तारखेला धाकटीचा फोन आला. बायकोने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कारण वही माझ्या मांडीवर होती.

"ताई, माझं ठरलं गं. समुद्रापलीकडचं हॉस्पिटल, तीन वर्षांचा करार. वीस तारखेला निघते. त्याआधी एकदा येते. आईबद्दल बोलायचंय तुझ्याशी."

बायकोचा चेहरा उतरला. त्यांची आई गेल्या वर्षी गेली. शेवटचा आठवडा धाकटी तिच्या उशाशी होती. बायकोच्या भांडाराची तपासणी चालू होती, आणि ती पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. आई शेवटी काय बोलली, आपली आठवण काढली का, हे तिला अजून माहीत नव्हतं. फोनवर ते विचारायला तिची जीभ रेटत नसे. त्या एका संध्याकाळसाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

"कधीही ये गं," बायको म्हणाली.

मी घसा खाकरला.

"म्हणजे, कोणत्या तारखेला येतेस?" तिने दुरुस्ती केली.

"येत्या शनिवारी?"

मी वहीवर बोट ठेवलं. शनिवारी मुदतीप्रमाणे मशरूमचा रस्सा बाहेर पडणार होता, सहा जणांसाठी, आणि मशरूम खाल्लं की धाकटीचे ओठ सुजतात. त्यानंतर पुन्हा मशरूम. त्यानंतर, चाचणीत कडू लागलेलं पण मुदतीत असलेलं वांग्याचं भरीत. धाकटीला चालेल असे, ओव्हनमध्ये भाजायचे बटाट्याचे थर तेवीस तारखेला येत होते.

"तेवीसला जमेल?" बायकोने विचारलं.

"ताई, मी वीसला जातेय."

"तिला मी ताजं काहीतरी करून घालते," बायको फोनवर हात ठेवून मला म्हणाली.

"घाल ना," मी म्हणालो. "म्हणजे तू शेगडीपाशी असशील आणि ती माझ्यासमोर बसेल."

तिने वही स्वतःकडे ओढली. एक उपाय मात्र होता. मधला साठा लवकर संपवला तर बटाट्याचे थर अठरा तारखेपर्यंत अलीकडे सरकत होते. धाकटीला अठराची संध्याकाळ दिली, नोंद केली आणि आम्ही कामाला लागलो. पाच तारखेपासून सोळापर्यंत आमच्याकडे एकतीस माणसं जेवून गेली. लिफ्ट दुरुस्त करणारा जेवला. बायकोच्या भांडाराची तपासणी करणारा अधिकारी दोनदा जेवला. माझ्या साहेबांनी मशरूमचा रस्सा खाल्ला आणि हा मेजवानीचा बेत कशासाठी, असं तीनदा विचारलं. शेवटी मी बढतीसाठी असं सांगितलं तेव्हा ते निश्चिंत झाले. बायको रोज दर सहा मिनिटांनी उठत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण वहीतल्या नोंदी एकेक करून खोडल्या जात होत्या, आणि सोळाला वांग्याचं भरीतसुद्धा गेलं.

सतरा तारखेला दुपारी आम्ही दोघं रजा काढून घरी होतो. बटाट्याचे थर सकाळीच फ्रीझरमधून काढून स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवले होते. अजून दगडासारखे होते. टेबलावर पाव आणि जॅम होता, बायकोच्या अंगावर जुना गाऊन, जमिनीवर फडकी. चारच्या सुमारास बेल वाजली.

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. न कळवता कुणी येईल ही शक्यता नियमांत धरलेलीच नव्हती. मी चवड्यांवर चालत दाराशी गेलो आणि भिंगातून पाहिलं. बाहेर धाकटी होती. पायाशी मोठी बॅग.

"धाकटी आहे," मी मागे येऊन कुजबुजलो. "उघडू?"

"आज? ती उद्या आहे ना?" बायकोने वहीकडे पाहिलं. मग स्वतःच्या गाऊनकडे, मग टेबलाकडे. "तिला देऊ काय मी?"

फ्रीझरमध्ये त्या क्षणी चौसष्ट जणांचं जेवण होतं. नुसता चहा देता येईल, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. चहाला आमच्या वहीत रकाना नव्हता.

बेल पुन्हा वाजली. मग बायकोचा फोन टेबलावर थरथरू लागला. तिने तो उचलून खुर्चीवरच्या उशीखाली दाबला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दारापलीकडून धाकटीचा आवाज आला. ती खाली गाडीत थांबलेल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "फोनही उचलत नाहीये गं. नसतील घरी. अगं, मलाच दुपारी कळलं, आजच निघा म्हणून. सातचं विमान आहे. पाच मिनिटं थांब, शेजारी निरोप ठेवून येते."

बायकोने दाराकडे दोन पावलं टाकली आणि थांबली. आता उघडलं तर इतका वेळ का उघडलं नाही, हे सांगावं लागणार होतं. तिने तोंडावर हात ठेवला. मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. एवढंच मला येत होतं.

धाकटी समोरच्या दारापाशी गेली आणि तिने बेल दाबली. आत टीव्ही चालू होता, तो माझ्यापर्यंत ऐकू येत होता. बेल वाजली तसा त्याचा आवाज कमी झाला आणि मग बंदच झाला. त्या दारातल्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसत होता, तो झाकला गेला. कुणीतरी आतून तिच्याकडे पाहत होतं. धाकटीने केस नीट केले, भिंगाकडे बघून जराशी मान लववली आणि थांबली. पुन्हा बेल दाबली. "निरोप ठेवायचा होता फक्त," असं ती त्या दाराला म्हणाली. मिनिटभराने तिने बॅग उचलली.

लिफ्ट खाली पोहोचल्याचा आवाज आल्यावर बायकोने दार उघडलं. तिने जिन्यातून हाक मारली, धावत दोन मजले उतरली आणि रस्त्याला लागलेली गाडी जिन्याच्या खिडकीतून पाहिली. वर आली तेव्हा ती रडत नव्हती. ती फ्रीजपाशी गेली, बटाट्याच्या थरांचा डबा बाहेर काढला, आणि त्याचं काय करायचं ते न कळून तो हातात धरून तशीच उभी राहिली. मी तिला रुमाल द्यायला गेलो. तिने तो घेतला नाही.

तुम्ही म्हणाल, कमाल आहे तुमची. दार उघडून नुसतं ये म्हणायला काय लागतं? खरं आहे, काही लागत नाही. समोरच्या दाराआड कोण राहतं हे मला ठाऊक नाही, आणि मी कुणाचं नाव घेणार नाही. एवढंच सुचवतो, की पुढच्या वेळी भिंगाला डोळा लावण्याआधी आतला दिवा बंद करत चला. बाहेरून कळतं.