सासूबाई, मी आणि न वळणारी गाडी

गाडी चालवण्यात माझा हात धरणारा आमच्या ओळखीत तरी कोणी नाही! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आठवडाभर मी माझ्या चष्म्याच्या दुकानात लोकांना "हे दिसतंय? आणि आता?" असं विचारत बसलेला असतो. पण महिन्यातल्या एका रविवारी मी आणि माझे मित्र गावाबाहेरच्या टेकडीवर चिखलातून गाड्या चढवायला जातो, आणि तिथे मी वेगळाच माणूस असतो. निदान असायला हवा होतो! प्रत्यक्षात दर वेळी माझी जुनी गाडी अर्ध्यावर रुतायची. मागचं एक चाक गरागरा फिरायचं आणि दुसरं रजेवर असल्यासारखं ढिम्म उभं राहायचं.

"हा सगळा डिफरन्शियलचा दोष!" माझा मेकॅनिक मित्र म्हणाला. त्याला आम्ही 'पाना' म्हणतो, कारण तो लग्नालासुद्धा खिशात पाना घेऊन जातो. "मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो ना, तोच नडतो. आपण तो वेल्ड मारून बंद करू! दोन्ही चाकं एकदम फिरतील! मग चढ कसला आणि चिखल कसला!"

"आणि एरवी रस्त्यावर?"

"रस्त्याचं काय? रस्ता सरळच असतो की!"

मला ते पटलं. त्या दिवशी आम्ही दोघेही एकाच दर्जाचे शहाणे होतो.

रस्ता सरळ असतो हे खरं, पण घर नेमकं वळणावर असतं! वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. आता दोघांना एकत्र जखडल्यावर आतलं चाक फरफटत जाणार. तेही गप्प नाही! आधी "चूंऽऽईंऽऽ" असा गळा काढणार, मग गाडी दोन उड्या मारणार, आणि शेवटी खालून "धाड्" असा आवाज होऊन सगळं शांत होणार. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर हा कार्यक्रम रोज दोनदा व्हायचा. खिडक्या उघडायच्या. बायको तर कोपऱ्याआधीच उतरायची.

"मी चालत येते. तुम्ही या तमाशा करून," असं म्हणून ती पदपथावरून अशी चालायची, जणू गाडीतला माणूस तिच्या ओळखीचाच नाही.

मी मात्र हार मानली नाही. मी वळणं टाळायला शिकलो. घरी येताना कोपऱ्यावर वळायचंच नाही, सरळ पुढे मोठ्या चौकात जायचं, तिथल्या ऐसपैस गोलाला सावकाश वळसा घालायचा आणि मागच्या बाजूने अलगद गल्लीत शिरायचं. चार पावलांच्या जागी मैलभराचा फेरा, पण आवाज नाही!

अशात सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, नवा सांधा बसवावा लागला. सासूबाई आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर त्यांनी शिवणाचे वर्ग चालवले, त्यामुळे कपडा असो की माणूस, कुठे उसवलंय ते त्यांना लांबून दिसतं. बोलतात मात्र कमी. त्या हॉस्पिटलात असताना परगावचा मेहुणा आला आणि त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. हायवेवर एक चांगला वृद्धाश्रम आहे. नर्स असते, लिफ्ट आहे. आईला तिथेच बरं पडेल."

बायकोचा चेहरा लाल झाला. पण आईसमोर भावाशी भांडण नको म्हणून ती एवढंच म्हणाली, "बघू."

मीही म्हणालो, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'मुळीच नाही'! हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंना कोणी सांगितलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

घरी सोडण्याचा दिवस आला. डॉक्टरांनी बजावलं, "सांधा नवा आहे. धक्का लागता कामा नये!"

"टॅक्सी करा," बायको म्हणाली. ती घरी थांबून खोली लावणार होती. पलंग उंच करायचा होता, शिलाई मशीन खिडकीशी आणायचं होतं.

"आपल्या आईंना मी परक्या गाडीतून आणू? पोटातलं पाणी हलणार नाही, बघच तू!"

"एक जरी गचका बसला ना, तर ती गाडी भंगारात जाईल. आणि तुम्ही तिच्यासोबत!"

मी पुढची सीट मागे सरकवली, उशा लावल्या, सासूबाईंना अलगद बसवलं, त्यांची बॅग मागे ठेवली. हॉस्पिटलच्या दारातलं एकच छोटं वळण टाळता येणार नव्हतं. ते मी मुंगीच्या चालीने घेतलं, तरी गाडीने गळा काढलाच! सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत धावला. एक नर्स स्ट्रेचर घेऊनच आली.

"कोण सापडलं खाली?"

"कोणी नाही! गाडी वळतेय!"

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तेल घाला हो हिला, जावईबापू."

पुढचा रस्ता सरळ! गाडी कशी लोण्यावरून चालल्यासारखी जात होती. मी खूश होऊन शीळ घालत होतो. आमच्या गल्लीचा कोपरा आला, आणि ठरल्याप्रमाणे मी न वळता सरळ पुढे गेलो. सासूबाईंनी मान वळवून मागे पडणाऱ्या गल्लीकडे पाहिलं. मला वाटलं, खिडक्या मोजतायत.

मोठ्या चौकात पोचलो तर तिथला गोल पाइपसाठी खणून ठेवलेला! हवालदाराने हात केला : सरळ जा! सरळ म्हणजे हायवे. म्हटलं जाऊ दे, पुढे कुठेतरी ऐसपैस वळायला मिळेल.

"जावईबापू," बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "तिथे मशीन ठेवू देतील का मला?"

"म्हणजे काय! खिडकीशी जागा केलीय!"

"ठरवूनच ठेवलंय म्हणायचं सगळं."

"मग! पलंगसुद्धा उंच करून घेतलाय!"

त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुम्ही येत जाल ना अधूनमधून?"

"अधूनमधून काय? रोज येणार!"

"रोज कशाला? कामं असतात तुम्हाला. रविवारी आलात तरी पुष्कळ."

औषधांनी डोकं जड झालं असेल बिचारीचं, असं मला वाटलं! तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली आणि एका मोठ्या फाटकासमोर थांबवली.

"कुठे आहात?"

"पोचलोच! धक्का नाही, गचका नाही, एकदम झक्कास!"

फोन ठेवून पाहतो तर सासूबाईंनी दार उघडलेलं, एक पाय बाहेर काढायची धडपड चाललेली! "बॅग तेवढी काढून द्या," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगा, मी रडले नाही म्हणून. आधी सांगितलं असतंत तर जरा बरे कपडे घातले असते, एवढंच."

मी वर पाहिलं. फाटकावर पाटी होती. मेहुण्याने सांगितलेला तोच वृद्धाश्रम!

मला एकदम सगळं उमगलं : ती मागे पडलेली गल्ली, ते मशीन, तो रविवार! ही बाई इतका वेळ माझ्या शेजारी बसून घर सोडून चालली होती, आणि मी शीळ घालत होतो!

"आई, पाय आत घ्या! अहो, आपण घरीच चाललोय!"

"घर मागे राहिलं. मी पाहिलं ना."

"राहिलं, कारण ही गाडी वळत नाही!"

"गाडी वळत नाही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, निदान थाप तरी बरी मारायची. मग मी सगळं सांगितलं : दोन चाकं, वेल्डिंग, पाना, टेकडी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चांगली वळणारी गाडी तुम्ही मुद्दाम बिघडवलीत?"

"चिखलात बरं पडतं."

"आपल्या दारात चिखल आहे?"

"नाही."

"तुमच्या दुकानात?"

"नाही. पण आई, तुम्हाला धक्का लागू नये म्हणून मी वळलो नाही! तुम्हाला सोडायला कसा आणेन मी? तुम्ही नसलात तर घराला घर कोण म्हणेल?"

सासूबाईंनी पाय आत घेतला. दार लावलं. पदराने डोळे पुसले. "इथून वळा," म्हणाल्या.

"इथून? इथे जागा अरुंद आहे. फार ओरडेल ती! गचके बसतील!"

"बसू देत."

मी स्टिअरिंग पिळलं. गाडीने अशी किंकाळी फोडली, की वृद्धाश्रमातले सगळे आजी-आजोबा गॅलरीत आले! एक उडी, दुसरी उडी, खालून धाड्! सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"आई! दुखतंय का हो?"

"दुखतंय. वळा तुम्ही."

गल्लीचा कोपराही त्यांनी मला टाळू दिला नाही. आम्ही वाजत गाजत वळलो. बायको दारात कंबरेवर हात ठेवून उभीच होती. "अहो! आईला घेऊन हे असं?"

"मीच सांगितलं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "चल, मला माझी खोली दाखव."

दुसऱ्याच दिवशी मी गाडी पान्याकडे नेली आणि भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा धड डिफरन्शियल बसवून घेतला. टेकडी गेली खड्ड्यात! संध्याकाळी कोपऱ्यावर वळलो, तर हूं की चूं नाही! माझा ऊर भरून आला. एकही खिडकी उघडली नाही. बायको कामावरून यायची होती. मी ऐटीत घंटी वाजवली आणि वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने वॉकरची टकटक ऐकू आली, आणि दार उघडून सासूबाई रागावल्या, "चोरासारखे येता होय! मला खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. म्हटलं होतं, कोपऱ्यावर गाडी ओरडली की उठायचं, म्हणजे तुम्ही येईपर्यंत दार उघडं! या घरात आल्यागेल्याला दार मी उघडते!"

"उद्यापासून हॉर्न वाजवतो, आई."

"हॉर्न गल्लीत सगळेच वाजवतात. मी काय प्रत्येक हॉर्नला उठू?"

मुद्दा बरोबर होता! बरं, डिफरन्शियल पुन्हा वेल्ड करून दे म्हणायची पान्याकडे सोय राहिली नव्हती, तो आधीच पोट धरधरून हसत होता. तेव्हा आता रोज संध्याकाळी मी कोपऱ्यावर गाडी हळू करतो, काच खाली घेतो, कोणी पाहत नाही ना याची खात्री करतो, आणि तोंडानेच "चूंऽऽईंऽऽ" करतो. काल घरी गेलो तर सासूबाई दार उघडून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सगळं छान, पण ते शेवटचं 'धाड्' राहतंय हो!"