गॉगलवाले कैलासवासी

पायथन या संगणकाच्या भाषेला सी भाषेचं इंजिन बसवून देणारा अख्ख्या गंगावेशीत मी एकटाच. हे मी अभिमानानं सांगायचो. आता कुणी विचारलं तरच सांगतो.

मी सम्राट. कृष्णातदादांच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणक सांभाळतो. कोल्हापुरात माणूस बारावी पास झाला, निवडून आला, पडला किंवा वारला, की चौकात बोर्ड लागतो. फोटो, नाव आणि डिझाइन दिलं की बोर्ड तयार, असा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला होता. पण पायथन पडला दुभाष्याच्या स्वभावाचा. एकेक ओळ वाचणार, समजून घेणार, मग काम करणार. मोठा फोटो साफ होईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून बोर्ड करून, लावूनसुद्धा यायचं.

"दादा, फोटोचं काम सीमध्ये लिहितो. ते आधीच यंत्राच्या भाषेत उतरवायचं आणि पायथनला नुसतं जोडायचं. बैलगाडीला बुलेटचं इंजिन."

"बैलाचं काय करायचं मग?" दादा म्हणाले.

पायथनला एक सवय आहे. जी वस्तू कुणी धरून ठेवलेली नाही, ती तो टाकून देतो आणि तिची जागा पुढच्याला देतो. कुणी काय धरलंय, हे एरवी तोच बघतो. सीमध्ये लिहिलं तर आपण सांगायचं असतं, 'हे माझं आहे, टाकू नको.' मी एका ठिकाणी सांगायचं विसरलो. चाचणीत कळलं नाही, कारण चाचणी एकाच माणसावर केली. जागा बळकावायला दुसरा नव्हताच.

मग दोन ऑर्डरी पाठोपाठ आल्या. पहिली जोतीराम आण्णांच्या श्रद्धांजलीची. दुसरी हंबीररावांच्या एकसष्टीची. ती त्यांनी स्वतःच दिलेली. खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार' हेही त्यांनीच सांगितलेलं. माझ्या मॉड्यूलनं, म्हणजे सीमधल्या त्या जोडकामानं, आण्णांचं नाव आणि फोटो टाकून दिला आणि त्या जागी हंबीररावांना बसवलं. काळी चौकट, हार, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मधोमध गॉगल लावलेले हंबीरराव. काम इतक्या वेगात झालं की तपासायला कुणाला वेळच मिळाला नाही.

सकाळी चौकात दोन बोर्ड शेजारी शेजारी. एकावर हंबीररावांना उदंड आयुष्य, दुसऱ्यावर रक्षाविसर्जन उद्या नऊ वाजता. लोकांनी आपला मेळ घातला: बिचाऱ्याला वाढदिवस गाठता आला नाही.

पहिला फोन आण्णांच्या पुतण्याचा, विश्वजितचा.

"आमचं आण्णा कुठं हाईत?"

"मेमरीतून गेले," मी म्हणालो.

"गेल्यात ते म्हाईत हाय. बोर्डावर कुठं हाईत?"

आण्णांचा नवा बोर्ड जुन्या चालीनं करायला घेतला. दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो झाला की तुझा फोटो घे करायला."

तेवढ्यात हंबीरराव आले. मी टेबलाखाली वायर शोधायला गेलो.

"काढतो बोर्ड, काका," दादा म्हणाले.

"हात लावायचा न्हाई." ते बाकावर बसले. "सकाळपास्नं फोन थांबंना झाल्यात. गेल्या वाढदिवसाला एकच आलता, रिचार्ज संपल्याचा."

"मग काय सांगता लोकांना?"

"उचलत न्हाई. मेलेल्या माणसानं फोन उचलायचा असतोय व्हय?" मग आवाज खाली आला. "आदर्शला बोर्डाचा फोटो गेलाय कुणाकडनं तरी. पोरगा माझा, पुण्यात असतोय. आई गेल्यापास्नं हिकडं फिरकला न्हाई. शेजारच्या क्रांतीला फोन केला त्यानं, गाडी घेऊन निघालोय म्हणून. तिला गप ऱ्हा म्हटलंय. पोरगा दारात येस्तोवर बोर्ड ऱ्हाऊ दे."

"आणि दारात आल्यावर?"

"जेवाय घालतो. मटण आणलंय."

ज्याच्या श्रद्धांजलीचा बोर्ड लागलाय, त्याच्या घरात मटण.

दुपारी दुकानाचा फोन वाजला. बोर्डाच्या कोपऱ्यात आमचा नंबर असतो, आणि मशीनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"मी आदर्श. पप्पांचा बोर्ड तुम्हीच केला ना? शेवटी कोण होतं त्यांच्याजवळ?"

तो रडत होता. मागं हॉर्न वाजत होते. मी दादांकडं बघितलं, दादांनी छताकडं. हंबीरराव सकाळपासून बाकावरच होते. मग त्यांनी फोन ओढूनच घेतला.

"आरं, गाडी चालवताना रडतोस काय? बाजूला घे आधी. ट्रक असत्यात हायवेला. जित्ता हाय मी."

बराच वेळ नुसता इंडिकेटर वाजत राहिला.

"पप्पा?"

"व्हय. कुठवर आलास?"

"कराडच्या पुढं."

"मग ये की. क्रांतीनं मटण शिजाय घातलंय."

"पुढं पूल आहे," आदर्श म्हणाला. "त्याच्याखालून परत पुण्याकडं वळतो. रजा तरी वाचेल."

फोन बंद झाला. हंबीरराव फोनकडं बघत बसले.

"बाजूला घेतली त्यानं गाडी," ते म्हणाले. "इंडिकेटर वाजत हुता न्हवं?"

"वाजत होता, काका."

"मग काढा बोर्ड."

मी ती चूक दुरुस्त केली. आता मॉड्यूल ज्याचा मृत्यू त्यालाच देतं. आठवड्यानं हंबीरराव पुन्हा आले आणि त्याच बाकावर बसले.

"पोरा, ते बिघडल्यालं अजून हाय काय तुझ्याकडं?"

"नाही काका. पुसलं."

"बघ जरा नीट," ते म्हणाले.

दुकान बंद करायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत, म्हणून मी बघतोय असं दाखवत बसलो.