शून्य सुरांचा माणूस

जो माणूस स्वतः काही वाजवत नाही, नुसते हात हलवतो, त्याला मधोमध आणि जरा उंचावर उभं करावं लागतं. नाहीतर तो दिसत नाही. वाद्यवृंदात अशा माणसाला संचालक म्हणतात.

आपल्या संचालकांनी ही जागा चौतीस वर्षं सांभाळली. (त्यातली पहिली सहा वर्षं केस वाढवण्यात गेली.) मग नवी समिती आली आणि तिनं एका कार्यक्रमातले प्रत्येकाचे सूर मोजले. पहिल्या व्हायोलिनवाल्या बाई : आठ हजार चारशे बारा. लोखंडी त्रिकोण किणकिणवणारे गृहस्थ : नऊ. (पैकी एक चुकून.) संचालक : शून्य.

घरी त्यांनी हा आकडा सांगितला, तेव्हा बायको वाटाणे सोलत होती.

"मग इतकी वर्षं मी घामानं भिजलेले सदरे धुतले, ते कशाचे?"

संचालक शेजारी बसून वाटाणे सोलू लागले.

समितीनं रीतसर चाचणी ठरवली : शनिवारचा कार्यक्रम संचालकांविना. तो बरा झाला, तर संचालकांना नारळ. ते बायकोसह शेवटच्या रांगेत बसले.

कार्यक्रम बरा नव्हे, सुरेख झाला. संचालकांचा चेहरा उतरला. शेवटचा सूर विरला.

आणि कोणी टाळी वाजवेना.

आता नीट लक्ष द्या. अशा पाश्चात्त्य रचनेला चार भाग असतात आणि दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवणं अडाणीपणाचं समजतात. संचालक हात खाली सोडून वळला, की समजायचं, संपलं. इथं वळायलाच कोणी नव्हतं. वादक टाळीची वाट बघत बसले, आठशे सुशिक्षित माणसं पुढच्या भागाची. समितीच्या अध्यक्षांनी तर डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. अशी एकवीस मिनिटं गेली. (एका समीक्षकानं पाचव्या भागातल्या धाडसी मौनावर दीड पान लिहिलं.)

"अहो, संपलं का?" बायकोनं कुजबुजत विचारलं.

"केव्हाच."

"मग जाऊन सांगा की त्यांना. मला घरी जायचंय."

संचालक उठले, मंचावर चढले, लोकांकडे तोंड करून किंचित वाकले. छप्पर उडेल असा कडकडाट झाला. अध्यक्ष सर्वांत आधी उभे राहिले. संचालकांची नेमणूक तहहयात झाली.

त्या आठशेजणांना हसताय ना? खुशाल हसा. फक्त एवढं आठवून सांगा : गेल्या खेपेला तुम्ही टाळी वाजवलीत, ती कोणाकडे बघून?