एकशेदहाच्या वर नाही

लग्नाची सुपारी द्यायला गेलं की बँडवाला तारीख विचारतो, गाव विचारतो. पारोळ्याचे सुपडू मास्तर विचारायचे, "नवरदेवले मामा कितला शेतस? आन् त्यासनं वय काय?"

माणसं गोंधळायची. काहींना वाटायचं, मास्तर पत्रिकाही जुळवतात. मास्तर शांतपणे वहीत मामांची वयं लिहून घ्यायचे, मग काकांची, मग आत्यांच्या यजमानांची, आणि एकेकाचं वय दोनशेवीसमधून वजा करायचे. हे सगळं झालं की मगच सुपारी पक्की.

या वजाबाकीचं मूळ मास्तरांच्या स्वतःच्या छातीत होतं. एका वरातीत ढोल वाजवता वाजवताच त्यांना अॅटॅक आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी वाचवलं आणि घरी सोडताना बजावलं, "आता बँड सोडा."

"मंग हाई काळीज चालू ठेवीसन काय करू?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टर भला माणूस. त्यानं कागदावर मांडून दिलं. दोनशेवीसमधून वय वजा करायचं, उरतील ते हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. मेहनत करताना त्यांच्या निम्म्याच्या पुढे आणि पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत राहायचं. तुम्ही तर पार खालच्या अंगालाच राहा. मनगटावर बोटं ठेवा, पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. डॉक्टरांनी हे एका रोग्याला सांगितलं होतं, मास्तरांनी ते अख्ख्या खानदेशाला लागू केलं.

तरुणपणी ते परेडच्या बँडमध्ये होते. मिनिटाला एकशेवीस पावलं त्यांच्या हाडात मुरलेली, त्यामुळे घड्याळ न बघता ते बँड हव्या त्या गतीवर धरून ठेवायचे. ढोल आता दुसऱ्याच्या गळ्यात. मास्तर हातात छडी घेऊन वरातीपुढे उलटे चालायचे, तोंड नाचणाऱ्यांकडे. एखादा मामा लालबुंद दिसला की छडी त्याच्यावर रोखायचे, "गाव सांगा!" मामानं एका दमात गाव, तालुका, जिल्हा सांगितला तर ठीक. नुसतं गाव सांगून धाप लागली की छडी खाली आणि बँड हळू. आणि कोणी गाणं म्हणत नाचताना सापडला तर त्याची वेगळी पूजा व्हायची. "गानं म्हनता येस तुले? म्हंजे तू काहीच मेहनत करी नही ऱ्हायना!"

ढोल जसा, तसं काळीज, हा त्यांचा सिद्धांत. मी एकदा शहाणपणा केला, "मास्तर, शास्त्रात असं काही नाही."

"शास्त्रनी कव्हय वरात वाजाडी का?"

तरण्या पोरांशी त्यांचं कायमचं वाकडं. पोरं "मास्तर, जोरात!" म्हणून गळा फोडायची. मास्तर ढिम्म. मामालोक मांडवात पोचले की मग पोरांसाठी दहा मिनिटं, तेव्हा काय घालायचा तो धिंगाणा घाला. या पायी त्यांच्या कितीतरी सुपाऱ्या गेल्या. त्यांनी पर्वा केली नाही.

मी तेव्हा जळगावात पिंप्राळ्याला राहायचो, सरकारी कचेरीत कारकून होतो. धाकट्या भावाचं लग्न ठरलं, मुलगी साक्रीकडची. सुपारी द्यायला मीच पारोळ्याला गेलो. वयं सांगता सांगता वडिलांवर आलो. "नाना, साठ. पण त्यांना लिहू नका. वर्षापूर्वी अॅटॅक आलाय, ते जीपमध्ये बसतील."

मास्तरांनी पेन्सिल थांबवली. "कोन म्हने? डॉक्टर?"

"मी म्हणतो."

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी नानांना रोज चालायला सांगितलं होतं. बसायला मी सांगितलं होतं. शेत बंद, बाजार बंद. भावकीतल्या प्रत्येक लग्नात फेटा सावरत सगळ्यांत आधी नाचायला उतरणारा माणूस वर्षभर ओट्यावर बसून होता. मला वाटायचं, मी त्यांना जपतोय.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळापासून मिरवणूक निघाली. नाना जीपमध्ये, पुढच्या सीटवर. पन्नासेक पावलं गेली असतील, मास्तरांनी छडी आडवी केली आणि बँड थांबला. ते थेट जीपपाशी गेले, दार उघडलं, नानांचं मनगट धरून घड्याळात बघत राहिले.

"अठ्ठ्याहत्तर. उतरा नाना."

मी धावत गेलो. "मास्तर, काही झालं तर?"

"साठ वजा, एकशेसाठ उरनात. तरी एकशेदहाना वर जाऊ देवाव नही. मी शे ना!"

नाना तोवर खाली उतरलेही होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मना पोऱ्याना लगीनमा नाचसू. तुले बसनं व्हई ते तू बस जीपमा."

मग मास्तरांच्या एका हातात छडी आणि दुसऱ्या हाताची बोटं नानांच्या मनगटावर, अशी वरात निघाली. बँड इतका हळू की पोरांनी शिट्ट्या मारल्या. मुलीकडचे घड्याळं दाखवू लागले. मास्तर गरजले, "मुहूर्त दुसरा निघस! नाना दुसरा निघस नही!"

दर काही पावलांनी "गाव सांगा!" व्हायचं. नाना गाव, तालुका, जिल्हा सांगून वर सासुरवाडीचंही नाव ठोकून द्यायचे. "एकशेचार!" मास्तर जाहीर करायचे. थोड्या वेळानं पोरंच "एकशेचार! एकशेचार!" ओरडत त्या गतीत नाचायला लागली. शे-दीडशे माणसं एका म्हाताऱ्याच्या नाडीवर नाचत होती. वर्षभरानं मी नानांना हसताना पाहिलं, आणि भर रस्त्यात मला रडू आलं.

मांडव दिसू लागला तसे नाना थांबले. "मास्तर, तुमनं वय काय?"

"अठ्ठावन."

"म्हंजे एकशेबासष्ट. आते तुम्ही नाचा."

"मी? बँडवाला नाचस नही, नाना. पस्तीस वरीस व्हयनात, कोनाच लगीनमा नाचनू नही. मना सोताना लगीनमा बी मीच ढोल वाजाडा. एक गडी कमी पडना व्हता." हे ते ऐटीत सांगायला गेले, पण मध्येच छडी खाली आली. "आन् बँडवालाले कोन बलावस, नाना?"

नानांनी त्यांच्या हातातली छडी काढून माझ्या हातात दिली. "धर. एकशेदहाना वर जाऊ देऊ नको."

सगळ्या मुलखाला नाचवणाऱ्या माणसाला स्वतःला नाचता येत नव्हतं. पाय तालात पडत होते, पण हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना. ते एकदा वर जात, एकदा पाठीमागे. नानांनी ते दोन्ही हात धरले, आणि दोघं मांडवाकडे सावकाश नाचत निघाले. मी त्यांच्यापुढे छडी धरून उलटा चालत होतो.

"अहो, मुहूर्त जातोय!" मुलीकडचं कोणीतरी ओरडलं.

"जाऊ द्या," मी म्हणालो.