फुटाला एक सूत

आमच्या शेजारच्या बळवंत मेस्त्रींचा फूट तुमच्या-माझ्या फुटापेक्षा एक सूत मोठा आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी माझा टेप शेजारी लावून मोजलंय, म्हणून सांगतो.

मेस्त्रींनी उद्यमनगरात एका फौंड्रीत एकतीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. पॅटर्नवरून वाळूत साचा करतात, त्यात लोखंडाचा रस ओततात, आणि ते लोखंड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा, फुटाला एक सूत. त्यासाठी पट्टीच वेगळी असते, तिच्यावरच्या खुणाच तेवढ्या ताणलेल्या. निवृत्त झाल्यावर मेस्त्री ती पट्टी घरी घेऊन आले. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत आजवर त्यांनी जे जे केलं, ते तिच्यावरच. माझ्या स्वयंपाकघराची फळी कोनाड्यात बसेना तेव्हा मी तक्रार केली. "बसंल की. गार हू दे जरा," म्हणाले. फळी सागवानाची होती. एक अख्खा रविवार मी तिला रंधा मारत बसलो.

अशा माणसानं गेल्या वर्षी कॉम्प्युटरचं कॅबिनेट करायला घेतलं.

त्यांचा मुलगा अमर पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. त्याचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. हवेशीर कॅबिनेट सात हजारांना मिळतं, असं तो फोनवर सहज बोलून गेला. "पत्र्याच्या डब्याला सात हजार? हजारात करतो," मेस्त्री म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, पत्र्याच्या कपाटाचा दरवाजा कापला. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, कपाट तेव्हापासून बंदच होतं. धूळ अडवायला मच्छरदाणीचा तुकडा, पायाला काठीचे रबरी बूट, वर कपाटाचीच मूठ. रंग लेथ मशीनचा हिरवा, कारण तोच शिल्लक होता. हवेसाठी बाजूच्या पत्र्याला भोकं पाडली, ती त्यांनी मला मोजायला लावली. सहाशे बारा. गल्लीतले लोक विचारायचे, "मेस्त्री, लाइटचं मीटर कवा बसवताय ह्यात?"

मुख्य सर्किट बोर्ड बसवायची भोकं अर्थातच चुकली. नऊ स्क्रूंपैकी दोनच लागले. मी माझा टेप काढून पट्टीशेजारी धरला आणि फरक दाखवला.

"तुमचा टेप खोटा हाय, दादा," एवढंच म्हणाले आणि त्यांनी अमरला फोन लावला. बोर्ड केवढा, पंखा केवढा, स्क्रू कुठला. भोकं बुजवली, पुन्हा पाडली, पुन्हा चुकली. पुन्हा फोन. श्रावण गेला, गणपती गेले, काम चालूच.

मधेच अमरनं मला फोन केला. त्यानं हप्त्यावर काचेचं कॅबिनेट घेतलं होतं, आत रंगीत दिवे असलेलं. "काका, बाबा रोज मापं विचारतात हो. तुम्हीच सांगा त्यांना, आता आवरा म्हणावं." मी गल्लीत तोंडावर बोलणारा म्हणून प्रसिद्ध आहे. लोकांच्या सोफ्याची, सुनेची, सोसायटीच्या टाकीची खरी मापं मी न विचारता सांगतो. हे मात्र सांगितलं नाही. तिसऱ्यांदा भोकं पाडणाऱ्या माणसासमोर माझं तोंड उघडेना.

खंडेनवमीला मेस्त्रींनी हत्यारं पुजली. करवत, रंधा, पट्टी आणि मधोमध हिरवं कॅबिनेट, मुठीला झेंडूची माळ. अमर दसऱ्याला आला. त्यानं कॅबिनेट एका बोटानं फिरवून पाहिलं.

"बाबा, हे माझ्या टेबलाखाली जात न्हाय. राहू दे हितंच."

मेस्त्री बरं म्हणाले. अमरनं सोनं दिलं, पाया पडला, जेवला आणि चारच्या गाडीनं गेला. जाताना भोकांवरून हात फिरवला असता तर त्याचं काय जाणार होतं?

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. खरं बोलायची खाज उशिरा सुटते, ती तशीच सुटली. म्हणालो, मेस्त्री, त्यानं दुसरं घेतल्याचं मला ठाऊक होतं. मी सांगायला पाहिजे होतं.

"मलाबी ठाऊक होतं की. गणपतीच्या आदीच त्यानं फोटू टाकलेला मोबाईलवर."

"मग दीड महिना भोकं कशाला पाडत बसलात? त्या फौंड्रीच्या पट्टीनं?"

मेस्त्री माळेतलं एक फूल कुस्करत राहिले.

"पट्टी फौंड्रीची हाय, हे मला कळत न्हाय व्हय, दादा? एकतीस वर्सं वापरली." मग म्हणाले, "कसा हायेस म्हणून फोन केला की कामात हाय म्हणतोय. माप इचारलं की मातर बोलतोय. माप चुकलं की परत इचारायचं."

त्यांनी उठून कॅबिनेटवरची माळ काढली, पट्टी धोतरानं पुसली.

"खोलीत डास लई हाईत म्हणत होता. खिडकीला जाळीची चौकट करावी म्हणतोय मी. उद्या माप इचारतो."

दुसऱ्या दिवशी मदतीला गेलो, तेव्हा माझा टेप मी घरीच ठेवला.