समोरच्या इमारतीपर्यंतचा प्रवास

माणूस दोन पायांवर चालणारा प्राणी आहे, ही गोष्ट शास्त्राने कधीच मान्य केली असली तरी आमच्या शहराच्या रस्ते विभागाने ती अजून विचाराधीन ठेवली आहे. घाईत निर्णय न घेणे हा या विभागाचा मोठाच गुण.

आमच्या घरासमोरचा रस्ता गेल्या वर्षी रुंद झाला. फार देखणा झाला आहे. इतका, की पलीकडच्या इमारतीतली धाकटी मावशी आता परगावी राहते असंच धरून चालावं लागतं. (खिडकीतून दिसते, हात केला तर ओळख देते.) मध्यंतरी ती न्हाणीघरात घसरली आणि उजवा हात मोडून बसली. तेव्हा आमच्याकडे राहणाऱ्या थोरल्या मावशीने फणी उचलली आणि जाहीर केलं, "तिची वेणी मी घालणार. तिच्या सुनेला नुसते केस ओढता येतात."

पायी पलीकडे जाण्यासाठी विभागाने भरपूर सोयी केल्या आहेत. भुयारी मार्ग आहे. तो स्वच्छ राहावा म्हणून कुलूपबंद असतो. पादचारी पूल आहे. त्यावर गुडघ्यांच्या दवाखान्याची जाहिरात असून, जिना पाहता ती योग्य जागीच लावली आहे. शिवाय पांढरे पट्टे आहेत. त्यांच्यावर सदैव गाड्या उभ्या असल्यामुळे ऊन लागून रंग उडत नाही. (विभागाच्या पाहणीत पट्ट्यांवर अपघात शून्य आणि पादचारीही शून्य आढळले. दोन्ही आकड्यांबद्दल विभागप्रमुखांचा सत्कार झाला.)

बसही आहे. ती आधी डेपोत जाते, तिथे विसावते, मग साऱ्या शहराची विचारपूस करत पलीकडे येते. मावशी एकदा तशी गेली. पोचली तेव्हा धाकटी झोपली होती आणि परतीची शेवटची बस निघायच्या बेतात होती.

शेवटी मी म्हटलं, "मावशी, घरात गाडी असताना ही वणवण कशाला?" माणुसकीला गाडीचा आधार असला की ती अशी खुलते. आम्ही निघालो. पुढच्या चौकातलं वळण बंद होतं, त्यापुढचं खणलेलं होतं आणि त्यापुढचं थेट शहराबाहेर होतं. बऱ्याच वर्षांनी मावशीला शेतं दिसली. फिरून धाकटीच्या दारात आलो, तर गाडी लावायला जागा नाही.

"अरे, मी इथेच उतरते ना!" मावशी म्हणाली.

पण तिथे थांबायला मनाई आहे आणि मी नियम पाळणारा माणूस. मावशीने काचेतून फणी दाखवली, वरून धाकटीने डावा हात हलवला, आणि आम्ही सुखरूप घरी परतलो. भेट छान झाली, असं मी नातेवाइकांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी मावशी कुणाला न सांगता थेट पट्ट्यांवर उतरली. तिने हात वर केला. पहिल्या रांगेतल्या गाड्या थांबल्या, बहुधा आश्चर्याने. दुसऱ्या रांगेतल्याही थांबल्या. तिसऱ्या रांगेतून मात्र एक गाडी हॉर्न दाबून अशी अंगावर आली, की मावशी मागे फिरली ती घरात येऊनच बसली. धाकटीने खिडकीतून सगळं पाहिलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, मी केस कापून टाकले. तू आता येऊ नकोस गं."

थोरली त्या दिवशी जेवली नाही. मलाही वाईट वाटलं. विभागाने मात्र रस्ता ओलांडण्याची मागणी घटल्याची समाधानाने नोंद घेतली.

ती गाडी कुणाची, याची चौकशी झाली नाही आणि होऊही नये. तुम्हाला त्या दिवशी उशीर होत होता, हे आम्ही समजू शकतो.