कटिंग बंद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, तेवढं माफ करा. पण सुगंधावहिनींबद्दल लिहावंसं वाटतं.

लोंबता धागा दिसला की वहिनींना राहवत नाही. मग तो कोणाच्याही अंगावर असो. धागे कापायची बोटाएवढी कातरी, आम्ही तिला कटर म्हणतो, ती कायम कमरेला खोचलेली. एकदा भर मांडवात त्यांनी नवरदेवाच्या फेट्याचा सोनेरी धागा कापला. ती झालर होती. "सुटलेला दिसत होता," एवढंच म्हणाल्या.

पूर्णा गावात आम्ही शेजारी राहतो. गोदामातून शर्टांचे गठ्ठे येतात, त्यांचे जादा धागे आम्ही घरी बसून कापतो. वहिनींचं सासूशी कधी पटलं नाही. सकाळी चहाच्या साखरेवरून जे सुरू व्हायचं ते रात्री दिव्याच्या बटणापर्यंत. सासूला सगळे आजी म्हणतात. आजी सुनेला कातरीच म्हणायची.

आजीच्या आतड्यात गाठ निघाली. केमो सुरू झाली. हे औषध आत जाऊन करतं काय, असं वहिनींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. मी सोबत होते. बाई म्हणाल्या, प्रत्येक पेशी कामासाठी आपल्या मूळ नकाशाच्या नकला काढते. नक्कल वापरण्याआधी तिची जादा टोकं कापावी लागतात. हे औषध नकलेतल्या खऱ्या तुकड्यासारखं दिसतं, म्हणून तिच्यात जाऊन बसतं. मग कापणं अडतं, बिनकापलेल्या नकला साचतात, पेशीचं काम बिघडतं आणि ती मरते. गाठीच्या पेशी घाईघाईत वाढतात, त्यांना जास्त मार. पण तोंडाच्या, पोटाच्या चांगल्या पेशीही थोड्या सापडतात.

"म्हणजे आत कटिंग बंद," वहिनी म्हणाल्या.

बाई हसल्या. तसंच काहीसं, म्हणाल्या.

घरी येऊन वहिनींनी कटर पिठाच्या डब्यामागे टाकली आणि गठ्ठे परत पाठवले. मी म्हटलं, वहिनी, त्याचा याच्याशी काय संबंध?

"मला काय माहीत. पण मी कापत बसले नि तिथं पण सुरू झालं तं?"

त्यांच्या स्वतःच्या बाहीला धागे लोंबू लागले. कोणाचा धागा दिसला की त्या हात मांडीखाली दाबून बसत.

आजीचं तोंड आलं. पाणीसुद्धा झोंबायचं. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून झोपली. "मी आता जायाची न्हाय," म्हणाली. "माझ्यापायी तुझं काम पण गेलं."

वहिनी गार पेज ढवळत होत्या. "काम गेलं न्हाय. मीच बंद ठेवलंय."

"का गं?"

वहिनी वाटीकडे बघत राहिल्या. "तुमच्या आत कटिंग बंद राहावं म्हणून."



"येडी हायस," आजी म्हणाली. मग हळूच कूस बदलली. "रिक्षा किती वाजता सांगितलीस उद्याची?"